समुद्रातले बहुरूपी टेबलावर आणायचे तर कसे?

टिळकवाडी_फासे

मंडळी, जरा डोकं चालवायला मदत पाहिजे.

आमचं डंजन्स अँड ड्रॅगन्सचं (फासे टाकत, पात्रं घेऊन गोष्ट खेळायची तो खेळ) टेबल रविवारी दुपारी बेळगावात, टिळकवाडीत बसतं. पाचवी आवृत्ती, २०१४ चीच पुस्तकं. नवीन घ्यायला कुणी खिशात हात घालत नाही. टेबलावर मराठी, कन्नड आणि एकीची गोव्याकडची कोंकणी असं सगळं चालतं, फासा वाईट पडला की मात्र सगळे मराठीतच बोंब मारतात. आजवर कथा डोंगर, किल्ले, रान यांतच फिरली. आता मंडळी घाट उतरून किनाऱ्याला लागतायत आणि मला तिथे रूप बदलणारं, समुद्रातलं काहीतरी आणायचंय.

अडचण सांगतो. मागे एकदा डॉपलगँगर, म्हणजे कुणाचंही रूप घेणारा राक्षस, आणला होता. त्याने यांच्याच गाडीवानाचं रूप घेतलं, चार दिवस यांच्या पंगतीत जेवला आणि मग रात्री एकाचा गळा धरला. सेशन झकास झालं, खरं त्या दिवसापासून कुणीही अनोळखी भेटला की यांचं पहिलं वाक्य ठरलेलं : 'इनसाइट रोल करतो' (फासा टाकून समोरच्याच्या मनात काय ते ताडायचं). चहावाल्यावर इनसाइट. देवळातल्या म्हातारीवर इनसाइट. एकाने तर बैलावर केला.

पुस्तकात जे आहे ते बघून झालंय. सी हॅग (समुद्रातली चेटकीण) आहे, चॅलेंज २ (राक्षस किती अवघड त्याचा आकडा). तिचं एक मला लई आवडतं : तिचा भ्रम तिला दुसरं कुरूप रूपच देऊ शकतो, सुंदर बाई होऊन ती येऊच शकत नाही. आणि ते सोंग हात लावला की टिकत नाही. ब्रॉन्झ ड्रॅगन किनाऱ्यालाच राहतो, पुरता वाढला की माणूस किंवा जनावर होतो, खरं तो पडला सज्जन. सेल्की (सीलचं कातडं उतरवून बाई होणारी) १९८३ च्या दुसऱ्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये होती, २०१४ च्या पुस्तकात नाही.

राक्षसाने फसवलं की प्लेअरना मजा येते, डीएमने, म्हणजे गोष्ट चालवणाऱ्याने, फसवलं की राग येतो. या दोन्हींत फरक कसा ठेवायचा, एवढंच विचारायचंय.

घाटमाथा

बैलावर इनसाइट! वाचवा रे त्या बैलाला.

पण चूक त्यांची नाही. डॉपलगँगरचं सोंग हुबेहूब असतं, वर तो साठ फुटांवरून मनातलं वाचतो. निरखून बघण्यासारखं काही तुम्ही ठेवलंच नाही, तर माणूस फासाच टाकणार ना?

लोककथांतले पाण्यातले बहुरूपी बघा, बहुतेकांना पूर्ण सोंग जमत नाही. आपल्या हडळीचे पाय उलटे असतात तसंच. स्कॉटलंडचा केल्पी माणूस झाला तरी त्याचे खूर तसेच राहतात. त्याचा मोठा भाऊ म्हणावा असा एक पाणघोडा आहे, तो तळ्यांत आणि समुद्रात दोन्हीकडे राहतो. देखणा तरुण होऊन येतो, मुलीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपतो, आणि ती केस विंचरायला लागते तर केसांत वाळू आणि शेवाळ. घोड्याच्या रूपात असताना त्याच्या पाठीवर बसलात तर हात चिकटतात, मग तो सरळ पाण्यात. माणूस सगळा खातो, फक्त यकृत तरंगत वर येतं. (कथेची सुरुवात इथूनच करा. किनाऱ्यावर एक यकृत. कुणाचं ते माहीत नाही.)

ॲमेझॉनच्या काठी गुलाबी डॉल्फिन रात्री माणूस होऊन गावच्या जत्रेत नाचायला येतो. पांढरे कपडे, रुबाब, गोड बोलणं, पण टोपी काही केल्या काढत नाही. डोक्यावरचं श्वासाचं भोक तेवढं झाकता येत नाही ना! विचार करा, टेबलावर तुमच्या तोंडून फक्त एवढं निघतं : 'देवळात शिरतानाही त्याने टोपी काढली नाही.' कुणी फासा टाकायचा प्रश्नच नाही. ज्याचे कान उघडे, त्याला कळलं.

राक्षसाला काहीही बदलू दे, एक गोष्ट बदलता येऊ नये. आणि ती गोष्ट प्लेअरच्या कानावर आधी पडलेली असावी. झाला तुमचा फरक.

वेंगुर्ल्याचा_रापणकर

बेळगावकर समुद्रावर चर्चा करतायत म्हटल्यावर यावंच लागलं. तुमच्याकडे मासळी बर्फातून पोचते, आम्ही ती जिवंत बघतो, एवढा मान द्या.

आमच्याकडे त्याका गिरो म्हणतत. पुस्तकी मराठीत गिऱ्हा. पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. रात्री ओळखीच्या आवाजात हाक मारतो, 'चल रे, मासे लागलेत' म्हणतो, आणि तुम्ही मागोमाग गेलात की पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला. म्हणून आमच्याकडची जुनी माणसं रात्री पहिल्या हाकेला ओ देत नाहीत.

तुमच्या कामाचं पुढे आहे. आजी सांगायची, गिऱ्ह्याचा एक केस जरी हाती लागला आणि तो नीट लपवून ठेवला, तर गिऱ्हा तुमचा गडी होतो. सांगाल ते काम करतो. टोपलीभर मासे दारात. पण तो रात्रंदिवस केस शोधत असतो, आणि ज्या दिवशी सापडेल त्या दिवशी घरादाराचा सत्यानाश.

आता सेल्की घ्या. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी आणि शेटलंड बेटांवरची ही गोष्ट. सील किनाऱ्यावर येऊन कातडं उतरवते, बाई होते, कुणीतरी कोळी ते कातडं लपवतो आणि तिच्याशी संसार मांडतो. कातडं सापडलं की ती निघाली, मुलंबाळं मागे टाकून. गोष्ट तीच, फक्त तिथे ती रडत जाते आणि आमचा गिरो घर बुडवून जातो. आमच्या समुद्रात सील नाहीत, असते तर आमच्या बायकांनी त्यांचंही कालवण केलं असतं.

टिळकवाडी_फासे

रापणकर, लई भारी. म्हणजे राक्षसाची नाडी प्लेअरच्या हातात देता येते. केस कुणाकडे आहे हे कळणं हाच शोध, आणि एकदा हाती आला की ठेवायचा की परत द्यायचा हा तिढा. आमच्या टेबलावर एक रोग (चोर-ठकाचं पात्र) आहे, ती शंभर टक्के ठेवणार.

नियमावली_शरण

वाचायला छान आहे सगळं. आता मी जरा पाणी ओततो.

ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) तिसऱ्या लेव्हलला गेला की मूनबीम हातात, म्हणजे चंद्रप्रकाशाचा झोत पाडणारा मंत्र. रूप बदलणारा त्यात सापडला की त्याचा सेव्ह (वाचायचा फासा) डिसॲडव्हान्टेजने, म्हणजे दोनदा टाकून वाईट आकडा धरायचा, आणि चुकला की जागच्या जागी मूळ रूप. तुमची टोपी, वाळू, केस सगळं एका स्पेल स्लॉटमध्ये (मंत्र टाकायची एक मोजकी संधी) आटोपलं. प्लेअर दर गावात शिरताना चौकात मूनबीम पाडतील, मग तुम्ही बैलावरच्या इनसाइटला आठवून रडाल.

म्हणून नियम वाचा. सी हॅग ही रूप बदलणाऱ्यांत मोडतच नाही. तिचा तो नुसता भ्रम. तिच्यावर मूनबीम पाडलात तर तिला फक्त चटका बसेल, सोंग तसंच. नुसत्या नजरेने ओळखायची तर एक ॲक्शन (आपली खेळी) खर्चून १६ चा इन्व्हेस्टिगेशन (बारकाईने तपासायचा फासा), नाहीतर सरळ जाऊन हात लावा. सहाव्या पातळीचं ट्रू सीइंग (खरं रूप दाखवणारा मंत्र) दोन्ही ओळखतं, भ्रमही आणि बदललेलं रूपही, पण ते हातात येईपर्यंत तुमची मंडळी पोटापाण्याला पुण्याला गेलेली असतील.

आणि आता खरी मेख. साहुआगिन माहीत असतील, समुद्रातले शार्कच्या जातकुळीचे क्रूर लोक. त्यांच्यात क्वचित एखादं पोर जन्मतःच हुबेहूब सी-एल्फसारखं निघतं. त्याला मॅलेंटी म्हणतात. हेर म्हणून वापरतात. त्याच्यावर मूनबीम पाडा, ट्रू सीइंग लावा, टोपी काढायला लावा, काहीही होणार नाही, कारण तो काही बदललेलाच नाही. ते त्याचंच शरीर. घाटमाथा म्हणतात तशी खूण त्याला नाही आणि तरी पुस्तकातला माझ्या मते सगळ्यांत चांगला बहुरूपी तोच. खूण शोधण्याचा खेळ दोन सेशनमध्ये कोडं होऊन बसतो. भीती वेगळी.

घाटमाथा

@नियमावली, मॅलेंटीची गोष्ट मान्य. पण तो हेर आहे, राक्षस नाही. त्याच्याशी शेवटी बोलावं लागतं. 'तू कुणाचा?' हा प्रश्न त्यालाच पडलेला असतो. आपल्या सीमाभागातल्या माणसाला ते वेगळं समजावून सांगायला नको :)

राजकारण नको, माहीत आहे. पुढे चला.

वेंगुर्ल्याचा_रापणकर

जादू सोडा, खरा बहुरूपी सांगतो. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली की जाळ्यात एखादा माकूल येतो, कवटीवाला, म्हणजे कटलफिश. वाळूवर टाकला की बघत राहावं. अंगावरून तपकिरी पट्टे धावतात, एका बाजूने येतात नि दुसऱ्या बाजूने पुसले जातात, मध्येच सगळा पांढराफटक, मध्येच ठिपके. मेल्यावरही थोडा वेळ कातडी लुकलुकत राहते. कातडीत रंगाच्या बारीक पिशव्या असतात, त्यांच्याभोवतीचे स्नायू ताणले की रंग पसरतो, सैल पडले की आक्रसतो. सेकंदाच्या आत. आणि गंमत म्हणजे या प्राण्याला बहुतेक रंग दिसतच नाहीत. स्वतः रंगांधळा आणि अंगावर रंगपंचमी.

इंडोनेशियात सुलावेसीजवळ १९९८ मध्ये एक ऑक्टोपस सापडला, २००५ मध्ये त्याला शास्त्रीय नाव मिळालं. तो चपट्या माशासारखा तळाला सरपटतो, कधी लायनफिशसारखे हात पसरतो, कधी सहा हात बिळात घालून उरलेले दोन दोन बाजूंना ताणतो आणि समुद्रसाप होतो. जिवंत प्राणी हे करतोय तर तुमच्या राक्षसाला काय धाड भरली आहे?

कॅम्पातली_मासळी

माकूल निघालाच आहे म्हणून. आमच्या कॅम्पातल्या बाजारात तो बर्फावर पडलेला असतो, तेव्हा नुसता पांढरा गोळा, वर राखाडी साय. मावशी सुरी लावते, पाठीची चामडी मोज्यासारखी ओढून काढते, आणि आतून ती कवटी निघते. हातभर नव्हे, पंजाएवढी, होडीच्या आकाराची, पांढरीशुभ्र, बोटाने दाबली तर पिठासारखी. तोच समुद्रफेस. माझ्या आजोळी पोपटाच्या पिंजऱ्यात टांगायचे.

हे सगळं सांगायचं कारण, हा प्राणी रंग बदलतो, पोत बदलतो, आकारही बराचसा बदलतो, पण ती कवटी बदलत नाही. पाठीत फळी ठोकल्यासारखी.

तर तुमचा राक्षस माणूस झाला. चेहरा झाला, आवाज झाला, बोलणं झालं. पण पाठीत ती कवटी तशीच. म्हणजे त्याला कमरेत वाकता येणार नाही.

आता त्याला आपल्यातल्या घरात पाठवा. वाकून नमस्कार करता येत नाही.

घाटमाथा

अक्का! साष्टांग नमस्कार तुम्हाला, आणि मला वाकता येतं हो.

हे जबरदस्त आहे. म्हातारीच्या पाया पडत नाही, 'राहू दे, राहू दे' म्हणून हात जोडून उभा. जमिनीवर पंगत बसली की हा 'उपवास आहे' म्हणतो. विहिरीवर कळशी दुसऱ्याकडून उचलून घेतो. देवळाचा दरवाजा बुटका, तर आत येत नाही. प्रत्येक वेळी कारण पटण्यासारखं. प्लेअर म्हणतील, शिष्ट दिसतोय हा पाहुणा. राक्षस आहे असं डोक्यातसुद्धा येणार नाही, आणि कळेल तेव्हा मागचं सगळं एकदम आठवेल.

नियमावली_शरण

...हे मलाही आवडलं. मूनबीमचा प्रश्न उरतो, पण 'शिष्ट पाहुण्यावर' कुणी स्लॉट खर्च करत नाही.

कणकुंबीची

मला एक समजत नाही. राक्षस माणूस होतो कशासाठी? तुम्ही सगळे तो कसा ओळखायचा यावर बोलताय. त्याला काय हवंय ते ठरवलं नाही तर तो जत्रेतल्या सोंगासारखा येणार, गळा धरणार, मरणार. फासेदादांचा गाडीवान तसाच वाटला मला.

मी खानापूर तालुक्यातली. आमच्या भीमगडच्या रानातून म्हादई निघते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीला समुद्र. आमच्या कणकुंबीतूनच मलप्रभा निघते, ती उलट पूर्वेला. सौंदत्तीचं धरण, मग पट्टदकल, ऐहोळे, आणि कूडलसंगमाला कृष्णेत. दोन्ही नद्या एकाच डोंगराच्या लेकी, एक इकडच्या समुद्राला नांदते, एक तिकडच्या.

समजा समुद्रातल्या कुणाला मांडवीतून वर चढत यायचंय आणि पलीकडे मलप्रभेत उतरायचंय. मधला डोंगर कोरडा. तेवढ्यापुरते त्याला पाय लागतात. माणसाचं रूप त्याने फसवायला घेतलेलंच नाही, चालायला घेतलंय. वाटेत तुमच्या मंडळींकडे सोबत मागतो. पैसेही देतो. फक्त दर मुक्कामाला पाणी कुठे आहे ते आधी विचारतो.

टिळकवाडी_फासे

अक्का, अंगावर काटा आला. खरं मलप्रभेतून जायचं कुठे त्याला?

कणकुंबीची

बदामीला. जुनी वातापी. आणि हे मी उगाच जुळवत नाही.

महाभारताच्या वनपर्वात अगस्त्यांच्या दोन गोष्टी आहेत. एक सगळ्यांना येते : इल्वल आणि वातापी. वातापी मेंढा व्हायचा, इल्वल तो शिजवून ब्राह्मणांना वाढायचा, मग हाक मारायचा आणि वातापी पोट फोडून बाहेर. अगस्त्यांनी जेवून पचवून टाकला. रूप बदलणाऱ्याचा एवढा साधा शेवट दुसरा नसेल.

दुसरी गोष्ट कालेय दानवांची. ते दिवसा समुद्रात लपत आणि रात्री बाहेर येऊन आश्रमांतल्या ऋषींना मारत. सकाळी नुसती हाडं. कोण मारतंय कळेना. शेवटी देवांनी अगस्त्यांना विनवलं आणि त्यांनी समुद्रच पिऊन टाकला. लपायला जागा उरली नाही, देवांनी दानव मारले. पण सगळे नाही. उरलेले जमीन फोडून पाताळात गेले असं तिथेच म्हटलंय.

बदामीच्या लेण्यांखाली जो मोठा तलाव आहे त्याला अगस्त्य तीर्थ म्हणतात. आता उरलेल्या कालेयांपैकी एकाला तिथे पोचायचं असेल तर का, ते तुम्ही ठरवा. सूड, की ज्याने आपला समुद्र पिला त्याच्या दारचं पाणी एकदा आपणही पिऊन टाकावं, काहीही. एवढं नक्की की तो वाटेत कुणाला मारायला निघालेला नाही. त्याच्या वाटेत आलात तर मात्र गोष्ट वेगळी.

शहापूरची_रोग

अण्णा, नमस्कार. वाकून.

मला हा धागा आपोआप समोर आला हं, मी शोधायला गेले नव्हते. आणि मी केस ठेवणार नाही, विकणार.

टिळकवाडी_फासे

घ्या. झालं. किती वाचलंस?

शहापूरची_रोग

बदामीपर्यंत. :( बाकीच्यांना सांगत नाही, आईशप्पथ. खरं आता मला कळशीवाला पाहुणा भेटला तर मी काय करू? माझ्या रोगला माहीत नसणार, मला माहीत आहे.

घाटमाथा

हे तर उलट बरं झालं. तुमच्या कॅरेक्टरला माहीत असू दे. किनाऱ्यावर तिला कुणी आजी होती, आजीने लहानपणी सांगितलं होतं, 'समुद्रातून आलेला वाकत नाही.' एका प्लेअरकडे गोष्ट आहे, बाकीच्यांकडे नाही. आता बघायचं की ती कधी बोलते, कुणाला सांगते, की सोन्याच्या पिशवीकडे बघून गप्प बसते. रोग आहे ना ती?

फासेदादा, इनसाइटचा आजारही यातच बरा होईल. इनसाइट कुणी टाकला तर खरं उत्तर द्या : 'तो घाबरलेला आहे आणि त्याला घाई आहे.' खोटं काहीच नाही त्यात.

नियमावली_शरण

ठीक. मग शेवटची मारामारी कशी करणार? चॅलेंज रेटिंग काय, हिट पॉइंट (जीव) किती? इतकी गोष्ट रचून शेवटी फायरबॉल पडून मेला तर माझा जीव हळहळेल.

कणकुंबीची

मारायचाच कशाला? अर्जुनाने मारली का मगर?

आदिपर्वात आहे. अर्जुन तीर्थयात्रेत दक्षिण समुद्राकाठी जातो, तिथल्या पाच तीर्थांत कुणी उतरत नाही कारण पाण्यात पाच मगरी. हा उतरतो. मगर पकडते, तोच तिला धरून ओढत काठावर आणतो, आणि काठावर येताच ती अप्सरा होते, वर्गा नाव तिचं. तिने आणि चार मैत्रिणींनी एका तपस्व्याला भुलवायचा प्रयत्न केला म्हणून शंभर वर्षांचा शाप होता. मग त्याने बाकी चौघींनाही काढलं. बाण एकही सोडला नाही.

घाटमाथा

आणि ग्रीकांकडे हेच उलटं आहे! होमरच्या ओडिसीत मेनेलॉस ईजिप्तजवळच्या फारोस बेटावर अडकतो. घरी कसं जायचं ते समुद्राचा म्हातारा प्रोटियस सांगू शकतो, पण तो हाती लागत नाही. त्याचीच मुलगी युक्ती सांगते. मेनेलॉस आणि तिघे सोबती सोललेली सीलची कातडी पांघरून सीलच्या कळपात पडून राहतात. वास एवढा भयंकर की तिला त्यांच्या नाकाशी सुगंधी काहीतरी लावावं लागतं. म्हातारा येतो, आपले सील मोजतो, यांनाही मोजतो, झोपतो. मग हे झडप घालतात. तो सिंह होतो, साप होतो, चित्ता होतो, डुक्कर होतो, पाणी होतो, झाड होतो. यांनी फक्त सोडायचं नाही. दमला की मूळ रूपात येतो आणि विचाराल ते खरं सांगतो.

सीलला माणसाचं कातडं नाही, माणसालाच सीलचं. एकदा तरी प्लेअरना सोंग घ्यायला लावा की. बहुरूपी दरवेळी समोरचाच कशाला?

नियमावली_शरण

हे मात्र नियमांत बसतं! ग्रॅपल, म्हणजे धरून ठेवणं. तुमचा ॲथलेटिक्सचा (ताकदीचा) फासा विरुद्ध त्याचा ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स (चपळाई). पुस्तकाप्रमाणे आपल्यापेक्षा एकच साइझ मोठ्याला धरता येतं, म्हणजे तो अवाढव्य झाला की सुटला. ते घरच्या नियमाने बदला : आधीपासून धरलेला असेल तर साइझ बघायचा नाही, फक्त रूप बदललं की नवा कॉन्टेस्ट. पाणी झाला तर ॲथलेटिक्सऐवजी दुसरं काहीतरी सुचवावं लागेल, कातडी पिशवी, घागर, मंत्र. प्रत्येक रूपाला वेगळी जखम. चार रूपं पुरे. सहा केलीत तर सहाव्याला सगळे फोन बघत बसतील.

आणि हो, कवटीवाल्या पाठीला विसरू नका. सिंह झाला तरी त्याची पाठ ताठच. झेपेच्या आधी सिंह दबा धरतो, याला तो धरता येणार नाही. ज्याच्या लक्षात येईल त्याला ॲडव्हान्टेज, म्हणजे दोनदा टाकून चांगला आकडा.

वेंगुर्ल्याचा_रापणकर

दमला की काय सांगणार तो? ते ठरवा. आमच्या गिऱ्ह्याकडून लोक मासे मागतात, कुणी त्याला विचारत नाही की बाबा, तू बुडालास कसा.

कॅम्पातली_मासळी

अरे व्वा, रापणकर. तेच विचारायला लावा.

टिळकवाडी_फासे

बास, माझं ठरलं. लिहून काढतो म्हणजे विसरणार नाही. (रोग, पुढे वाचू नकोस. वाचणारच आहेस, माहीत आहे.)

पाहुणा पणजीच्या बाजूने येतो, व्यापारी म्हणून, मंडळींना घाट चढून सोबत मागतो. वाकत नाही, पंगतीला बसत नाही, दर मुक्कामाला पाणी विचारतो. पहिल्या गावात यकृत सापडतं, खरं ते याचं काम नाही. त्याच्या मागावर दुसरंच कुणीतरी आहे, आणि तिथे मी मॅलेंटी वापरणार. खूण नसलेला एक आणि खूण असलेला एक, दोघं एकाच वाटेवर. संशय सगळा पाहुण्यावर जाणार. सी हॅग ठेवत नाही, तिच्यासाठी पुढे वेगळी कथा करतो. गिऱ्ह्याचा केस मात्र घेतला : पाहुणा आपली एक वस्तू समुद्राकाठी ठेवून आलाय, ती कुणाकडे आहे हे रोगला दुसऱ्या सेशनला कळेल.

धरून ठेवायची मारामारी कणकुंबीच्या पाणलोटावर, म्हणजे दोन्ही नद्यांच्या मध्ये, जिथे त्याला पाणी नाही. रूपं चार : मगर, मेंढा, सिंह, पाणी. मेंढा वातापीसाठी. पाणी झाला की घागर लागेल, ती पहिल्या गावात मी सहज कुणाच्या तरी हातात ठेवीन.

एकच अडलंय. आमचा कन्नड पोरगा पॅलाडिन (धर्मयोद्धा) खेळतो, त्याचा देव सूर्य. तो मधल्या कुठल्याही मुक्कामाला म्हणेल, 'नमस्कार करून घे रे, मग निघू.' पाहुण्याने तिथेही नकार दिला तर लवकर फुटेल.

कॅम्पातली_मासळी

त्याला सूर्यनमस्कार घालायला लावू नका म्हणजे झालं. उभ्याने अर्घ्य देऊ दे. पाणी हातात आलं की तो खूशच असेल.

नियमावली_शरण

आणि अर्घ्याचं पाणी ओंजळीतून खाली पडतच नाही, असं एकदा हळूच सांगा. फासा न टाकता.

शहापूरची_रोग

मी काही वाचलेलं नाही. रविवारी माझा वीसचा फासा मीच आणते, तुमचा तो जांभळा एकच आकडा पाडतो.